छत्तिसाव्या वर्षी एमबीए : प्रवेश मिळेल का?

दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, असे प्रश्न घेऊन पालक आमच्याकडे येतात आणि उर्दू-मराठीच्या शिक्षकाला जेवढे ठाऊक असते तेवढे आम्ही सांगतो. गेल्या दोन वर्षांत मात्र एक वेगळाच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. ओळखीच्या तीन घरांतून तो आला आणि तिन्ही वेळा विचारणारा पस्तिशी गाठलेला इंजिनिअर होता. एक दम्मामला पाइपिंगच्या कामावर, एक ठाण्यात, आणि तिसरा आमच्या आपाचा मुलगा, चाकणला. नोकरी आहे, पगार बरा आहे, मुले शाळेत जातात. आणि प्रश्न असा की, आता एखाद्या मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश मिळेल का?

हा प्रश्न आताच का आला, हे समजायला फार खोल जावे लागत नाही. वीस वर्षांपूर्वी आमच्या पाहण्यातल्या पुष्कळ घरांतून पहिला इंजिनिअर बाहेर पडत होता. कुणी मुंबईच्या साबू सिद्दीकमधून, कुणी सांगलीच्या वालचंदमधून, कुणी आधी डिप्लोमा करून मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. घराचे स्वप्न तेव्हा डिग्रीपाशी संपत होते. डिग्रीनंतर पंधरा वर्षांनी काय, हे विचारणारे घरात कुणी नव्हते, कारण त्या वाटेने आधी कुणी गेलेच नव्हते. आता त्या मुलांना दिसते की मशीन त्यांना कळते, पण मशीन घ्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची नाही.

आपाच्या मुलाची हकिकत आम्हांला जवळून ठाऊक आहे, म्हणून तीच सांगतो. दहावीपर्यंत मिरजेत उर्दू माध्यम. मग मिरजेच्याच शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा, पुढे वालचंदमधून डिग्री. दहावीला ७१ टक्के, डिग्रीला पहिला वर्ग. मोटारीच्या इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तेरा वर्षे. वडील, म्हणजे आमचे दुल्हाभाई, एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. बायको औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, सध्या एका औषध दुकानात नोकरी. दोन मुले.

संधी किती, हे मोजायचे तर आधी दरवाजा कोणता ते ठरवावे लागते. आपल्याकडे एमबीए म्हटले की कॅट, आणि कॅट म्हटले की आयआयएम, एवढाच हिशेब असतो. भाच्यानेही तोच केला होता. कॅटची पुस्तके विकत आणून ठेवली होती.

कॅट ही परीक्षा साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. १२० मिनिटे, तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटे : भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. बरोबर उत्तराला ३ गुण. पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर १ गुण वजा. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हे अजून घराघरांत समजावून सांगावे लागते. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९९ जण तुमच्या मागे. ऐकायला माशाअल्लाह फार छान वाटते. पण २०२४ साली या परीक्षेला सुमारे २ लाख ९३ हजार जण बसले होते. त्यांचा एक टक्का म्हणजे जवळजवळ २,९०० माणसे. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या वर्गात जागा चारशेच्या आसपास. त्याच वर्षी पूर्ण १०० पर्सेंटाइल मिळवणारे १४ जण होते, त्यांतले १३ इंजिनिअर.

कॅटला वयाची वरची मर्यादा नाही, म्हणून पस्तिशीतल्या माणसालाही आशा वाटते. पण मोठ्या आयआयएमच्या गुणसूत्रात अनुभवाचे गुण साधारण तीन वर्षांपर्यंत वाढतात आणि तिथे थांबतात. तेरा वर्षे काम केलेल्याला उरलेल्या दहा वर्षांचे काहीच मिळत नाही. उलट दहावी-बारावीचे जुने गुण पुन्हा बाहेर निघतात. वर्गात बहुतेक मुले बावीस ते सव्वीस वर्षांची, आणि शेवटी नोकरी द्यायला येणाऱ्या कंपन्याही त्याच वयाची माणसे शोधत आलेल्या. भाच्याला आम्ही स्पष्ट सांगितले की, हा दरवाजा तुझ्यासाठी बांधलेला नाही. पुस्तके धाकट्या चुलतभावाला देऊन टाक.

(जाता जाता एक गोष्ट, कारण ती विचारली जाते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नॉन-क्रिमी लेयर ओबीसींसाठी २७ टक्के जागा असतात आणि मोमीनांसारख्या आपल्या काही बिरादऱ्या केंद्राच्या यादीत आहेत. मुलाला पगार चांगला आहे म्हणून दाखला मिळणार नाही, असे पुष्कळ जण धरून चालतात. पण क्रिमी लेयर आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतो, उमेदवाराच्या स्वतःच्या पगारावरून नाही. धाकट्या मुलांसाठी तरी हे लक्षात असू द्यावे.)

दुसरा दरवाजा एक वर्षाच्या अभ्यासक्रमांचा. अहमदाबादच्या आयआयएमने २००६ साली नोकरी केलेल्यांसाठी पीजीपीएक्स सुरू केला. किमान वय २५ आणि डिग्रीनंतर किमान चार वर्षांचा पूर्णवेळ अनुभव अशी त्याची अट आहे; वर्गाची सरासरी त्याच्या दुप्पट, आठेक वर्षांची असते. बंगळूर, कोलकाता, लखनौ इथल्या आयआयएमचेही असे अभ्यासक्रम आहेत. हैदराबादच्या आयएसबीचा पहिला वर्ग २००१ साली भरला. तिथलाही मुख्य अभ्यासक्रम एका वर्षाचा, पण वर्ग थोडा तरुण, चार-पाच वर्षे काम केलेल्यांचा. अहमदाबाद आणि आयएसबीला कॅट नाही, जीमॅट किंवा जीआरई लागते.

जीमॅटचे रूप २०२३ च्या अखेरीस बदलले. आता ती सव्वादोन तासांची असते. गणित, भाषा आणि माहितीचे आकलन असे तीन भाग. गुण २०५ ते ८०५ मध्ये मिळतात आणि पाच वर्षे चालतात. जुन्या परीक्षेतल्या ७०० ला जी किंमत होती ती आता साधारण ६४५ ला आहे. म्हणून जुन्या पुस्तकात वाचलेल्या ७०० च्या आकड्याने घाबरून जाऊ नये. भाच्याला पहिल्या खेपेस ५९५ मिळाले आणि चार महिन्यांनी ६५५. दोन्ही वेळा गणितात कमी पडला नाही, भाषेत पडला. उर्दू माध्यमातली पोरे इंग्रजी वाचतात, पण सावकाश वाचतात. त्यावर त्याने केलेला उपाय साधा होता : रोज फजरनंतर पाऊण तास इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादकीय घड्याळ लावून वाचणे. चार महिने त्यात खंड पडला नाही.

तिसरा दरवाजा परदेशाचा. तिथे आमची मजल ऐकीव माहितीपर्यंतच होती, म्हणून त्या शाळांनी स्वतः छापलेली वर्गाची माहिती भाच्याबरोबर बसून वाचली. हार्वर्डला नऊ-दहा हजार अर्ज येतात आणि वर्ग साधारण ९३० जणांचा, सरासरी अनुभव पाचेक वर्षांचा. फ्रान्स आणि सिंगापूरमध्ये वर्ग चालवणाऱ्या इन्सियाडला सरासरी वय एकोणतीस. म्हणजे तिथेही छत्तीस वर्षांचा माणूस उशिरा आलेला पाहुणाच. पण त्याच मोठ्या घरांना एक बाजूचा दरवाजा असतो. एमआयटीचा स्लोन फेलोज, स्टॅनफर्डचा एमएसएक्स, लंडनचा स्लोन मास्टर्स हे एक वर्षाचे अभ्यासक्रम मुद्दाम अशाच वयाच्या लोकांसाठी आहेत. स्टॅनफर्डला तर किमान आठ वर्षांचा अनुभव मागतात. ज्यांचे नाव त्यांना आहे ते आल्फ्रेड स्लोन स्वतः एमआयटीतून निघालेले विद्युत अभियंता होते आणि पुढे जनरल मोटर्सचे प्रमुख झाले. भाच्याला ही गोष्ट फार आवडली. खर्चाचा आकडा वाचल्यावर त्याने तो कागद घडी घालून ठेवून दिला.

तर मोजमाप असे झाले : कॅटमध्ये नगण्य, परदेशी दोन वर्षांत नगण्याच्या जवळ, एक वर्षाच्या भारतीय अभ्यासक्रमांत बरी, पण खात्रीची नाही. खात्री का नाही? तर 'भारतीय, पुरुष, इंजिनिअर' ही या दुनियेतली सर्वांत लांब रांग आहे. ६५५ गुण त्या रांगेत पुष्कळांकडे असतात. पहिला वर्ग असतो, नामांकित कंपनी असते. एकाच्या अर्जावरून दुसऱ्याचा अर्ज ओळखू येऊ नये इतके सगळे सारखे. निवडणाऱ्याने मग बघायचे काय? तो निबंध बघतो, शिफारसपत्र बघतो आणि माणूस समोर बसवतो.

निबंधाचा मसुदा भाच्याने आमच्याकडे पाठवला. आम्ही इंग्रजीचे शिक्षक नाही, पण निबंध कोणत्याही भाषेत निबंधच असतो. वीस वर्षांत काही हजार वह्या तपासल्या असतील. खोटे वाक्य कुठे आहे ते कळते. त्याच्या मसुद्यात खोटे काहीच नव्हते. अडचण वेगळी होती : त्यात माणूसच नव्हता. रिजेक्शनचा दर चार टक्क्यांवरून एकावर आणला गेला. नवी लाइन उभारली गेली. आमच्या टीमने ग्राहकाची तक्रार सोडवली. सगळीकडे 'केले गेले', 'झाले', 'टीमने केले'. सहाशे शब्दांत 'मी' दोनदा, त्यातही एकदा जन्मगाव सांगताना.

फोन करून विचारले, "हे रिजेक्शन कमी केले कुणी?"

"सगळ्यांनी मिळून, मामू."

"तू नसतास तर झाले असते?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "नसते झाले. पण मी-मी करणे बरे दिसत नाही."

यात त्याचा काय दोष? आपल्या घरांत लहानपणापासून हेच शिकवले जाते. बडेजाव करू नये, कामाचे श्रेय अल्लाहला आणि मग सोबत्यांना द्यावे, स्वतःचे नाव शेवटी. उर्दूत तर 'मैं' म्हणण्याऐवजी 'हम' म्हणायची रीत आहे आणि मराठीत लिहिताना आमचीही लेखणी 'आम्ही'वरच धावते, हे वाचकांना दिसतेच आहे. अशा 'आम्ही'वाल्याने भाच्याला 'मी' लिहायला सांगायचे, म्हणजे जरा गंमतच. पण गर्व आणि साक्ष यांत फरक आहे. सूरह यूसुफमधला तो प्रसंग त्याला आठवून दिला. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम तुरुंगातून बाहेर आल्यावर बादशहासमोर उभे राहतात आणि देशाच्या कोठारांची जबाबदारी स्वतःहून मागतात, आणि आपल्याला ते काम का जमेल हेही सांगतात. दुष्काळ समोर होता, काम कुणाला तरी करायचे होते आणि ते कुणाला येते हे सांगणे भाग होते. आपली पात्रता खरी असेल आणि विचारणाऱ्याला ती जाणून घ्यायची असेल, तर ती लपवणे म्हणजे नम्रता नव्हे. त्याला उत्तर दिलेच नाही असे होते.

मग खरी हकिकत बाहेर आली. रिजेक्शन रात्रपाळीतच जास्त होत होते. रात्रपाळीला कंत्राटी पोरे, कुणी बिहारचे, कुणी लातूर-नांदेडकडचे, आणि मशीनवर लावलेला सूचनांचा तक्ता इंग्रजीत. पोरे एकमेकांना विचारून काम करत. भाचा तीन आठवडे स्वतः रात्रपाळीला बसला. तक्ता हिंदी आणि मराठीत लिहिला, अक्षरे न येणाऱ्यांसाठी चित्रे काढली. आणि पंधरा वर्षे त्या मशीनवर असलेल्या एका जुन्या कामगाराला, माल बिघडताना दिसला तर कुणाला न विचारता लाइन थांबवायचा अधिकार मिळवून दिला. त्यासाठी प्रॉडक्शनच्या साहेबांशी त्याचे दोनदा वाजले होते.

"हे निबंधात का नाही?"

"यात इंजिनिअरिंग कुठे आहे, मामू?"

बिझनेस स्कूलला नेमके हेच हवे असते, हे त्याला पटायला दोन दिवस लागले. मशीनच्या मापात काय बदल केला हे त्यांना एका ओळीत पुरते. माणसांना कसे वळवले, विरोध करणाऱ्याशी कसा वागलास, ठरवताना काय पणाला लावलेस, हे त्यांना सविस्तर हवे असते. दुसऱ्या मसुद्यात रात्रपाळी आली, चित्रे आली, ते दोनदा वाजणेही आले. आम्ही व्याकरणाला हात लावला नाही; ते त्याच्या एका मित्राने बघितले.

शिफारसपत्राची गोष्ट थोडक्यात. कॉलेजातल्या प्राध्यापकांचे पत्र या वयात उपयोगाचे नाही. ज्याच्या हाताखाली काम केले त्याचे लागते. म्हणजे नोकरी सोडण्याचा विचार आहे हे साहेबाला आधी सांगावे लागते, आणि प्रवेश मिळाला नाही तर त्याच साहेबासमोर रोज उभे राहावे लागते. तरुण मुलाला हा धोका वाटत नाही. ज्याच्या पगारावर सहा माणसे जेवतात त्याला वाटतो. भाच्याने सध्याच्या साहेबाऐवजी दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या साहेबांचे पत्र घेतले. अशी सोय चालते. कारण अर्जात दोन ओळींत लिहावे लागते, एवढेच.

खरी मुलाखत मात्र घरातच झाली आणि ती घेतली भाचेसुनेने. रात्री जेवणानंतर भांडी आवरता आवरता तिने विचारले, "एक वर्ष तुम्ही नसणार, पगार नसणार. ते कसेही काढू. पण परत येऊन करणार काय, ते सांगा." भाचा म्हणाला, बढती मिळेल. ती म्हणाली, "बढती तर असेही मिळेल, दोन वर्षे उशिरा." त्याच्याकडे उत्तर नव्हते. एमबीए कशासाठी आणि आताच का, हाच प्रश्न प्रत्येक अर्जाच्या पहिल्या पानावर असतो. आमचा भाचा तिथे गोलगोल वाक्ये लिहून मोकळा झाला होता. बायकोपुढे ती चालली नाहीत.

उत्तर त्याच्या कारखान्यातच पडलेले होते. त्याची कंपनी पिस्टनशी संबंधित भाग बनवते. विजेवर चालणाऱ्या गाडीला पिस्टन लागत नाही. आज ना उद्या कंपनीला दुसरे काही बनवावे लागेल आणि काय बनवायचे, त्यासाठी पैसा कुठून आणायचा, कोणता ग्राहक धरायचा, हे प्रश्न लेथवर सुटणारे नाहीत. चाकणमध्ये अशा अडचणीतले कारखाने एक-दोन नाहीत. त्या बदलात बसून निर्णय घ्यायला शिकायचे आहे, असे तो तिला चार वाक्यांत सांगू शकला तेव्हा ती म्हणाली, "आता भरा अर्ज." ती चार वाक्ये जशीच्या तशी निबंधात गेली.

आपाची काळजी वेगळी होती. "नाव बघून तर बाजूला नाही ना टाकणार?" तिने हे हळूच विचारले, पण विचारले. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक आकडा आहे : तेव्हा सर्व आयआयएममध्ये मिळून ४,७४३ विद्यार्थ्यांपैकी मुस्लिम ६३ होते, म्हणजे १.३ टक्के. आकडा जुना झाला, पण मनात बसलेला आहे. कुणाच्या अंतःकरणात काय आहे ते अल्लाहलाच ठाऊक. परीक्षेच्या संगणकाला नाव कळत नाही आणि मुलाखतीत पुढ्यात बसलेल्या माणसाला तेरा वर्षांचे काम दिसते, एवढे आम्ही तिला सांगितले. आणि हेही सांगितले की, आपल्या मोहल्ल्यातून या रांगेत उभा राहिलेला तिचा मुलगा बहुधा पहिलाच आहे. ज्या रांगेत आपण उभेच राहत नाही तिथे आपली गणती कमी येणारच. अन्याय होतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. पण अर्ज न भरता त्याची शहानिशा होत नाही.

दोन ठिकाणी अर्ज गेले. एका संस्थेने मुलाखतीलाच बोलावले नाही. दुसऱ्या संस्थेने बोलावले. मुलाखतीत अर्धा वेळ रात्रपाळीवर आणि अर्धा वेळ विजेच्या गाड्यांवर गेला. महिनाभराने प्रवेशाचे पत्र आले, थोड्या शिष्यवृत्तीसह. आपाने शेजारीपाजारी शीरखुर्मा वाटला, ईद नसताना.

आणि मग पैशाचा विषय निघाला. या नामांकित एक वर्षाच्या अभ्यासक्रमांची फी आता तीस लाखांच्या पुढे आहे. शिष्यवृत्ती वजा करून, शिल्लक घालूनही वीस लाखांहून जास्त उभे करायचे होते. बँक द्यायला तयार होती. अशा संस्थांचे पत्र दाखवले की बँका फारसे विचारत नाहीत. पण ते कर्ज व्याजाचे. दुल्हाभाईंनी मिरजेतले घर दहा वर्षे भिंत-भिंत करून बांधले, पण व्याजाच्या पैशाची एक वीट लावली नाही. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुझा निर्णय. मला विचारलेस तर मी नाही म्हणेन."

भाच्याने पुण्यात एका मुफ्तीसाहेबांना विचारले. मसल्याचे उत्तर इथे देणे आमचे काम नाही. इतकेच म्हणू की, विचारणाऱ्याने पूर्ण हकिकत सांगावी. नोकरी आहे की नाही, पर्याय आहेत की नाहीत, शिक्षण थांबले तर काय अडेल, हे सगळे सांगून विचारले तर उत्तरही पुरते मिळते. भाच्याने सगळे सांगितले, आणि चालू पगाराची नोकरी असलेल्या माणसाला ही मजबुरी म्हणता येत नाही, हे सांगता सांगता त्याचे त्यालाच उमगले. कर्जे हसना म्हणून नातेवाइकांत शब्द टाकला. सहा लाखांपर्यंत बेरीज झाली. ज्यांनी दिले असते त्यांतल्या दोघांच्या मुलींची लग्ने तोंडावर होती.

प्रवेशाचे पत्र त्याने नाकारले. पुढच्या वर्षापर्यंत जागा राखून ठेवता येईल का, असे विचारून पाहिले. तसा नियम नव्हता. त्या आठवड्यात तो मिरजेला आला नाही, फोनही कमी. भाचेसुनेला वाटत होते की जायला हवे होते, तिच्या माहेरची माणसेही तेच म्हणत होती, आणि या विषयावर दोन घरांत काही दिवस बोलणे जपून चालले होते. आमचे मत विचाराल तर त्याने केले ते बरोबर केले. पण ते स्वस्तात पडले, असे कुणी म्हणू नये.

चौथा दरवाजा आम्ही सगळे जरा हलका समजत होतो. शनिवार-रविवार वर्ग भरवणारे, नोकरी न सोडता करायचे अभ्यासक्रम. मुंबईत जमनालाल बजाजमध्ये असे अर्धवेळ अभ्यासक्रम कितीतरी वर्षांपासून चालू आहेत, एसपी जैनचा आहे, बंगळूरच्या आयआयएमचा आहे, आयएसबीनेही काढला आहे. नोकरी लावून देण्याची हमी बहुधा नसते, आणि दिवसभर कॅम्पसवर राहून ज्या ओळखी होतात त्या इथे कमी होतात. पण पगार चालू राहतो आणि फी हप्त्यांत भरता येते. इथे तेरा वर्षांचा अनुभव जास्त ठरत नाही. वर्गात पंचेचाळिशीचेही असतात. शनिवारी शिकलेले सोमवारी कारखान्यात लावून बघता येते, हे वेगळेच. तेच गुण, तोच निबंध घेऊन त्याने अशा एका ठिकाणी अर्ज केला आणि तीन आठवड्यांत प्रवेश झाला. यात त्याची संधी पहिल्यापासून सर्वांत चांगली होती. फक्त त्या दरवाज्यावर पाटी लहान होती.

आता महिन्यातून दोन शनिवारी तो पहाटेच्या गाडीने मुंबईला जातो. दोन टर्म झाल्या, फीचा तिसरा हप्ता भरला. हिशेबशास्त्रात काठावर पास झाला, मार्केटिंगमध्ये बरा. हुद्दा अजून तोच आहे. साहेबांनी मात्र नव्या मशीनच्या खरेदीच्या बैठकीला त्याला बसवायला सुरुवात केली आहे, आणि गेल्या बैठकीत त्याने एक मशीन घेऊ नये असे सांगितले, ते ऐकले गेले.

दम्मामच्या इंजिनिअरचा मसुदा रमजाननंतर येणार आहे. त्याला आम्ही आधीच कळवले आहे की, पहिल्या पानावर 'केले गेले' दिसले तर न वाचता परत पाठवू.